सावित्रीचा नोहे

मी तापट आहे असं सगळे म्हणतात. सुना म्हणतात, नातवंडं म्हणतात, कोपऱ्यावरचा ऑटोवालासुद्धा म्हणतो. म्हणू देत. सत्तरी जवळ आली तरी जी गोष्ट आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, ती एकदा लिहून काढायला बसले आहे. मन शांत व्हावं म्हणून नव्हे, ते होणार नाही हे मला ठाऊक आहे. आमच्या तंजावूरच्या घरात मराठी बोलायची आणि तमिळ लिहायची अशी रीत. मला ही अक्षरं येतात ती शाळेत हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. माझ्या मराठीत पुण्याच्या लोकांना हसण्यासारखं काही सापडलं तर त्यांनी खुशाल हसावं.

आमचं घर लांबच लांब. पुढं तिण्णै, म्हणजे रस्त्याकडेचा ओटा. मग एक अंधारी खोली, मग उघडा चौक, देवघर, स्वयंपाकघर, आणि अगदी शेवटी विहीर. पुढचा अर्धा भाग थोरल्या काकांचा, मागचा आमचा. काका तालुका कचेरीत होते. पेन्शनीत निघाल्यावरही ते तिण्णैवर अशा थाटात बसायचे की येणाऱ्याजाणाऱ्यानं अर्ज द्यायलाच थांबावं. अप्पा त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, शाळेत गणित शिकवायचे. सकाळी दूधवालीची हाक, काकींच्या रुब्बुगुंडाची, म्हणजे दगडी रगड्याची घरघर, आणि काकांचं घसा खाकरणं, या क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. कॉफी आधी पुढं जायची, मग मागं यायची. अप्पांना ती कोमटच मिळायची आणि ते कोमट कॉफीला छान म्हणायचे. मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात, हे मी अप्पांकडं बघून शिकले.

काकींच्या स्वयंपाकघरात पाण्याचा एक पितळी कुडम होता, चांगला पोटदार घडा. सगळं घर त्यातलं पाणी प्यायचं. त्याच्या गळ्यापाशी ठिपक्याठिपक्यांनी तमिळ अक्षरांत नाव कोरलेलं होतं: कमला. वाचायला शिकले तेव्हा मी काकींना विचारलं, कमला कोण? त्या म्हणाल्या, कोण की, मोडीतला असेल, तुझ्या आजोबांनी कुठून तरी घेतला. मला ते पटलं. तंजावुरात दुसऱ्याच्या नावाची भांडी कुणाच्या घरात नाहीत?

अप्पांची आई ते अगदी लहान असताना गेली. दोघा भावांना आत्याआजीनं वाढवलं, म्हणजे आजोबांच्या विधवा बहिणीनं. मी जन्मायच्या आधी आजोबा गेले, आत्याआजीही गेली. आईचा फोटो नाही, लुगडं नाही, काही नाही. अप्पांना आईबद्दल ठाऊक होतं ते एवढंच की तिचं नाव सावित्री. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीचं श्राद्ध पितृपक्षात अविधवा नवमीला करतात. त्या दिवशी दोघे भाऊ शेजारी शेजारी पाटांवर बसायचे, दोघांच्या बोटांत दर्भाची पवित्रकं, आणि भटजींच्या मागून दोघं एकाच आईचं नाव घ्यायचे. अप्पा वर्षभर कुणासमोर मोठ्यानं बोलत नसत, पण त्या दिवशी सावित्री हे नाव ते स्पष्ट, खणखणीत म्हणायचे. त्या दिवसाचं जेवण मला अजून जिभेवर आहे. उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी, आंबट भाजी, वडे, खीर, आणि सगळं दुपार उलटल्यावर, पोटात कावळे ओरडून ओरडून दमल्यावर.

मी कॉलेजात होते त्या वर्षीची नवमी. गावात लॉज निघायचे दिवस होते आणि आमच्या घराच्या जागेवर एकाची नजर होती. काकांना विकायचं होतं. अप्पांना नव्हतं, पण ते नको म्हणण्याऐवजी बघू म्हणायचे. काकांचा मुलगा माधू नुकताच वकील झाला होता, आणि नव्या वकिलासारखा धोकादायक प्राणी नाही. त्या सकाळी भटजींनी पाट मांडले, अप्पा न्हाऊन ओल्या धोतरानं येऊन बसले, भटजींनी पहिलं पवित्रक काकांना दिलं आणि दुसरं अप्पांकडं केलं.

काका म्हणाले, “त्यास देऊं नका. तो सावित्रीचा नोहे.”

भटजींचा हात तसाच राहिला. मग माधूनं पिशवीतून कागद काढले. एक आजोबांचं मृत्युपत्र. त्यात लिहिलं होतं की हे घर माझी लग्नाची बायको सावित्री हिच्या पोटच्या संततीला जावं. दुसरा नगरपालिकेचा मृत्यूचा उतारा: वेंकटराव यांची पत्नी सावित्री, अमुक दिवशी मयत. तिसरा अप्पांचा शाळेचा दाखला. सावित्री वारली त्यानंतर दोन वर्षांनी अप्पांचा जन्म. माधूनं हे कोर्टात उभं राहिल्यासारखं वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, मेलेली बाई बाळंत होत नाही. आत्याआजीनं कुणाचं पोर आणून वाढवलं देव जाणे, असंही म्हणाला. मागे घरात एक स्वयंपाकीणबाई होती म्हणे, असं म्हणून तो थांबला. पुढचं त्यानं सगळ्यांवर सोडलं.

मला वाटलं आता अप्पा काहीतरी बोलतील. मेणाचा माणूससुद्धा बोलला असता. अप्पा उठले, पाट भिंतीला टेकवून ठेवला, आणि मागं विहिरीवर जाऊन बसले. मी चौकात उभी राहून काकांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. काकींनी कानांवर हात ठेवले. भटजी माझ्याकडं न बघता मंत्र म्हणायला लागले आणि काकांनी एकट्यानं श्राद्ध केलं. त्या दिवशी आमच्याकडं पुढून पान आलं नाही. अम्मानं मागच्या पडवीत स्टोव्हवर भात आणि रसम केलं. अप्पा जेवले नाहीत.

माझ्या अम्माचं माहेर कुंभकोणचं. ती भांडत नसे, पण तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, “देवघरांत तो टाक कोणाचा आहे ग?”

काकांच्या देवघरात देवांच्या पंगतीत एक छोटा चांदीचा पत्रा होता, त्यावर बाईची उठावाची आकृती. लहानपणापासून मी त्याला हळदकुंकू वाहत आले, देवीच समजून. अम्मानं सांगितलं, ती देवी नोहे. पहिली बायको मेली आणि दुसरी केली की मेलेलीचा टाक करून नवीच्या गळ्यात घालतात, सवतीनं त्रास देऊ नये म्हणून. नवी मेली की तो देवांत ठेवतात. अम्मा लग्न होऊन आली तेव्हा तिनं विचारलं होतं, काकी म्हणाल्या होत्या सावित्रीबाईंचा, आणि तिनं पुढं विचार केला नव्हता. “दुसरी आल्याविना टाक करीत नाहींत,” अम्मा म्हणाली आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

म्हणजे आजोबांची दुसरी बायको होती. म्हणजे अप्पांना आई होती, लग्नाची. पण कोण? तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पांना विचारलं तर ते पुन्हा तेच, माझ्या आईचं नाव सावित्री, आत्याआजीनं मला शंभरदा सांगितलं आहे. मी म्हटलं, सावित्री मेली त्यानंतर तुम्ही जन्मला आहात. त्यांनी भातावर आणखी ताक घेतलं. मला त्यांचा इतका राग आला की मी ताटली आपटली. गणिताचा मास्तर आणि स्वतःच्या जन्माची वजाबाकी करायला तयार नाही.

दोन दिवस मी त्यांच्या मागं भुणभुण लावली तेव्हा कुठं एक आठवण निघाली. लहानपणी आत्याआजी त्यांना एकदा पापनाशमच्या पुढं एका खेड्यात घेऊन गेली होती. घरामागून कालवा वाहत होता, ते त्यात पडले होते आणि एका म्हाताऱ्यानं त्यांना बाहेर काढून छातीशी धरून ठेवलं होतं, बराच वेळ, कपडे ओले होईपर्यंत. घर गावाच्या टोकाला होतं. गावकरी त्याला रायर वीडु म्हणत, रायरांचं घर. आम्हां मराठी ब्राह्मणांना तमिळ लोक रायरच म्हणतात. गावाचं नाव अप्पांना आठवत होतं. एवढं सगळं आठवत होतं आणि इतकी वर्षं ते पोटात ठेवून बसले होते. मी विचारलं, कधी सांगितलं का नाही? म्हणाले, कुणी विचारलं नाही.

रविवारी आम्ही दोघं निघालो. पापनाशमला बस बदलली. दुसरी बस भाताच्या शेतांमधून इतकी सावकाश गेली की उतरून ढकलावी असं मला वाटलं. अप्पा खिडकीशी बसून घाम पुसत होते. आपण घरी परत जाऊं या काय, असं त्यांनी मला वाटेत विचारलं. मी कंडक्टरला गाव अजून किती लांब ते विचारलं. गावात रायर वीडु विचारल्यावर एका पोरीनं बोट दाखवलं. रायर कुणी उरले नव्हते, घर कधीच विकलं गेलेलं, पण नाव राहिलं होतं. तिथं एक तमिळ कुटुंब राहत होतं. घरच्या बाईनं ताक दिलं, बसायला चटई दिली, आणि मी आमची कथा सांगायला लागले तशी ती पदराला हात पुसत नीट ऐकायला बसली. तमिळनाडूत घर विकत घेताना आधीच्या मालकाकडं ते कसं आलं त्याचा कागदही घ्यावा लागतो. त्याला तिथं ताय पत्तिरम म्हणतात, आई-कागद. बाई म्हणाली, आमच्याकडं आई-कागद आहे, त्यात जुन्या रायरांचं मृत्युपत्रही जोडलेलं आहे, बघायचं तर बघा. नवऱ्याला न विचारता तिनं ट्रंक उघडली. त्या बाईचं नाव मी विचारून घेतलं नाही याची मला अजून चुटपुट आहे.

मृत्युपत्र तमिळमध्ये होतं, खाली सही मात्र मोडीत. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि कागद माझ्याकडं दिला. मी मोठ्यानं वाचलं. मी स्वामिराव, वय झालं आहे, बुद्धी शाबूत आहे, वगैरे. घर आणि शेत धाकट्या भावाच्या मुलांना. आणि मग हे, तमिळमधलं मी मराठीत उतरवते, पण शब्दन् शब्द मला पाठ आहे:

“माझी एकुलती मुलगी कमला. तिला तंजावूरच्या वेंकटराव यांस बिजवर असतां दिली. त्या घरी पहिल्या बायकोचें नांव सावित्री होतें, तेंच माझ्या मुलीस ठेवून तिला सावित्री म्हणतात. ती वारली. तिला माहेरून दिलेला, तिचें नांव घातलेला पितळेचा कुडम तिच्या मुलास मिळावा. दुसरें कांहीं तिचें मजपाशीं नाहीं.”

पुढं मुलाचं नाव होतं. अप्पांचं नाव, आजोबांच्या नावासकट.

लग्नात मुलीचं नाव बदलायचं ही आमची मराठी लोकांची रीत. तमिळ मुलगी जन्मली त्या नावानं मरते, त्यामुळं नगरपालिकेत काय नि कचेरीत काय, सावित्री दोन असतील असं कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. पण आजोबांना तर ठाऊक होतं. मृत्युपत्र करताना त्या माणसाला दोन बायका वेगळ्या लिहाव्यात असंही वाटलं नाही. एक सावित्री गेली, दुसरी आणली, घरात सावित्री आहे, संपलं. दिव्यातलं तेल संपल्यावर दुसरं घालावं तसं. त्या कालव्याकाठच्या घरात बसून मला जो राग आला तो काकांवरचा नव्हता, तो मेलेल्या माणसावरचा होता, आणि मेलेल्या माणसावर रागावण्यात सगळ्यात मोठी अडचण ही की त्याला ऐकू जात नाही.

अप्पा म्हणाले, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. मग ते मागल्या दारानं कालव्यापाशी गेले आणि पायरीवर बसून राहिले. मी गेले नाही. बाईनं मला आणखी ताक दिलं.

पापनाशमच्या रजिस्टर कचेरीतून त्या मृत्युपत्राची शिक्क्याची नक्कल मिळायला बरेच हेलपाटे पडले, ते सगळे मी घातले. नक्कल हातात आली त्या दिवशी मी घरी न जाता सरळ तिण्णैवर गेले. काका कॉफी पीत होते. मी कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही, नुसता लांबून पाहिला.

तेव्हा मला कळलं. माधूला ठाऊक नसेल. काकांना होतं. अप्पा जन्मले तेव्हा काका सात-आठ वर्षांचे, एवढ्या मुलाला घरात कोण बाळंत झालं हे कळत नाही होय? मी म्हटलं, “तुम्हांस ठाऊक होतं.”

“होतं,” काका म्हणाले.

मी म्हटलं, आणि तरी तुम्ही माझ्या बापाला चार लोकांत पाटावरून उठवलंत. त्यांनी पेला खाली ठेवला. काका ओरडतील असं मला वाटलं होतं. ते रस्त्याकडं बघत, अर्ज वाचावा तशा आवाजात बोलले.

“माझी आई गेली तेव्हां मी पांच वर्षांचा. वर्ष झालं नव्हतं, ही आली. घरांत सावित्री म्हणून हाक झाली की मी खेळ टाकून धांवत जाई. आई आली म्हणून. दर वेळीं हीच उभी. एक दिवस धांवणं सोडलं. तुझ्या बापानं जन्मभर पाटावर बसून माझ्या आईचं नांव घेतलं. ती त्याची कोण?”

लोकांना वाटतं हे ऐकून मी विरघळले असेन. नाही विरघळले. पाच वर्षांच्या पोराची मला दया आली हे खरं, पण समोर बसला होता तो पाच वर्षांचा नव्हता. माझ्या बापाला स्वयंपाकिणीचा ठरवून घर घशात घालणारा पेन्शनर होता. मी म्हटलं, त्या मुलीनं तुमचं काय घेतलं होतं? तिचं तर नावसुद्धा काढून घेतलं. तिच्या गळ्यात तुमच्या आईचा टाक बांधला. ती मेली तीसुद्धा तुमच्या आईच्या नावानं. मी आत गेले, काकींच्या स्वयंपाकघरातला कुडम उचलला, त्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि कमरेवर घेऊन चौकातून मागं आले. काकी आता पाणी कशात भरूं म्हणून विचारत राहिल्या.

पुढं कागदोपत्री फार झालं नाही. माधूनं नक्कल वाचली आणि त्याचं तोंड उतरलं. एवढं मात्र खरं की त्यानं येऊन अप्पांच्या पाया पडून माफी मागितली. अप्पांनाही आता तिथं राहायचं नव्हतं, घर दोघांच्या सह्यांनी विकलं गेलं. आम्ही रेल्वेस्टेशनापलीकडं भाड्याच्या घरात गेलो. काका आणि मी त्यानंतर एकमेकांशी बोललो नाही, ते गेले तेव्हाही मी दारापर्यंतच गेले. याबद्दल मला कुणी उपदेश करू नये.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी आधीच निरोप पाठवला होता की ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचा प्रकार करायचा असेल तर दुसरी मुलगी बघा. सासूबाई म्हणाल्या, पोरगी तापट दिसते. माझं नाव सगुणा आहे, तेच राहिलं. परवा नातीनं विचारलं, आजी, त्यात एवढं काय असतं, नाव तर नाव. मी तिला कुडम दाखवला. आता पाणी त्यात कुणी पीत नाही, घरात फिल्टर आहे, पण मी तो चिंचेनं घासते.

सांगायची राहिली ती पुढल्या वर्षीची नवमी. भाड्याच्या घरातली पहिली. पाट एकच मांडला होता. अम्मानं पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक केलेला, पच्चडीचा वास सगळ्या घरात. भटजी तेच. त्यांनी अप्पांच्या बोटात पवित्रक घातलं, गोत्र म्हटलं, आणि नेहमीच्या सवयीनं आईचं नाव घेतलं, सावित्री. अप्पांनी त्यांच्यामागून म्हटलं नाही. अप्पा म्हणाले, कमला म्हणा. भटजींनी समजावलं की गोत्र बदललं तेव्हा नाव बदललं, श्राद्धात सासरचंच नाव चालतं, माहेरच्या नावानं पिंड पोचत नाही. माझ्या तोंडाशी उत्तर तयार होतं, चांगलं तिखट, आणि मी पुढंही झाले होते. अप्पांनी माझ्याकडं न बघता हातानं मला थांबवलं.

“सावित्री दादाची आई,” अप्पा म्हणाले. “तिचं नांव मीं उगाच इतकीं वर्षं घेतलं, तें आतां त्याचं त्यास राहूं द्या. माझी आई कमला. त्या नांवानं पोचेल तेवढं पोचूं दे.”

भटजींनी कमला म्हटलं. अप्पांनी त्यांच्यामागून म्हटलं, स्पष्ट, खणखणीत. मी कुडमातलं पाणी त्यांच्या ओंजळीत घातलं.